दोन्ही मुली शाळेच्या बास्केटबॉल टीममध्ये आहेत, विभागीय नॉकआउट मॅचला "तुम्ही येऊ नका" म्हणतात. पालकांनी जावं का?

जा. यात विचारायचं काय? मुली "येऊ नका" म्हणतात त्याचा अर्थ बहुतेक वेळा "येऊन ओरडू नका" एवढाच असतो. मॅच संपली की पहिल्यांदा मान वळवून बघतात ते आपली माणसं कुठे बसलीत तेच.

मी इथे उत्तरं वगैरे लिहीत नाही, नुसती वाचते. पण तुम्ही प्रश्नाच्या खाली जी ओळ टाकलीय ना, की बाकीचे पालक आत्तापासूनच कुजबुजतात दोघी बहिणी एकाच टीममध्ये कशा काय म्हणून, ती वाचली आणि माझं डोकं फिरलं. म्हणून लिहितेय. लांबेल, वैतागू नका.

माझ्याही दोघी. आम्ही सोलापूरचे. मोठी दहावीत आणि धाकटी आठवीत होती तेव्हा दोघी शाळेच्या 17 वर्षांखालच्या टीममध्ये होत्या. मोठी पॉइंट गार्ड, म्हणजे बॉल वर आणून खेळ चालवणारी, धाकटी कोपऱ्यातून शूटिंग करणारी. शहरात आम्ही जिंकलो (हो, आम्ही, मी असंच म्हणते) आणि विभागाला पुण्याला गेलो. तिथलं तुम्हाला माहीतच असेल, सोलापूर शहर वेगळं, ग्रामीण वेगळं, पुणे मनपा वेगळी, पिंपरी-चिंचवड वेगळी, शिवाय नगरची, प्रत्येक ठिकाणची जिंकलेली एकेक शाळा आलेली, हरलात की बॅग भरा, आणि राज्याला जाणार त्यातली एकच. त्यात दहावीच्या मुलीला पुढच्या वर्षीचा चान्स नसतो. म्हणजे खेळता येतं की, 19 वर्षांखालचा गट असतो, पण कॉलेज बदललं, टीम बदलली, धाकटी मागे शाळेत राहिली. दोघींनी एकत्र खेळायची ही शेवटची स्पर्धा हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी तोंडातून काढत नव्हतं.

मुली सरांबरोबर आधी गेल्या, पहिली मॅच आरामात मारली. सेमीफायनलच्या दिवशी आम्ही काही पालक पहाटेच्या हुतात्मा एक्सप्रेसने निघालो, डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी, मुलींना बाहेरचं काही खाऊ देऊ नका असं सरांनी बजावलेलं. पोचलो तर मॅच सुरूच नाही. रात्री पाऊस पडलेला, सिमेंटचं कोर्ट, दोन मुलं वायपरने पाणी ढकलतायत आणि एका कोपऱ्यात ते परत येऊन साचतंय. वॉर्मअप करून मुली बसल्या, परत उठल्या, परत बसल्या. समोरची पुण्याची टीम उंच, बूट बघूनच कळत होतं की यांचं रोजचं इनडोअर आहे. आमच्यात उंच अशी एकच, सेंटर खेळणारी, म्हणजे बास्केटजवळची. पोरगी गुणी, हे आधीच सांगते, कारण पुढे मी जे बोलणार आहे ते तिच्याबद्दल नाही, तिच्या पप्पांबद्दल आहे.

हे गृहस्थ आमच्याच कॉलनीतले. टीम निवडली त्या दिवसापासून यांचं चालू की आठवीतली पोरगी 17 खाली घेतली म्हणजे बहिणीचा वशिला. सरळ तोंडावर नाही हं, चहाच्या टपरीवर, व्हॉट्सअॅप ग्रुपवर हसायची इमोजी टाकून, "मजा आहे बुवा काही लोकांची, एका घरात दोन किट". सरांनी सिलेक्शनला सगळ्यांसमोर शूटिंग घेतलं होतं, कोणाची किती पडली हे सगळ्या मुलींनी बघितलं होतं, पण ज्याला वशिला बघायचा त्याला वशिलाच दिसतो.

तर मॅच. पहिले दोन क्वार्टर आम्ही बरोबरीत. तिसऱ्यात मोठीला चौथा फाऊल लागला, आणि पाचवा म्हणजे ती बाहेरच, म्हणून सरांनी तिला खाली बसवलं. तेवढ्यात पुण्याने आघाडी घेतली. चौथ्या क्वार्टरच्या मधेच सरांनी तिला परत आत टाकलं, हळूहळू अंतर कमी होत गेलं आणि शेवटी 41-40, आम्ही एकाने मागे, बारा सेकंद, बॉल आमचा. मी उभी राहिले नाही, ओरडले नाही. पर्सचा पट्टा दोन्ही हातांनी धरून बसले होते, घरी येऊन बघितलं तर त्याची शिवण उसवलेली.

मोठीने बॉल वर आणला, डावीकडून आत घुसली, तिच्यावर दोन पोरी आल्या. सेंटर बास्केटखाली हात वर करून उभी. धाकटी कोपऱ्यात मोकळी, पूर्ण मोकळी, तिच्या जवळपास कोणी नाही. मोठीने कोपऱ्यात पास दिला. धाकटीने शॉट घेतला, बॉल रिंगवर बसला, रिंगवरून एक फेरी मारली आणि बाहेर. रिबाउंड, म्हणजे उडालेला बॉल, पुण्याचा. संपलं.

शिट्टीचा आवाज पण विरला नव्हता आणि माझ्या मागून, सगळ्यांना ऐकू जाईल असं: "दिला ना बहिणीलाच! माझी पोरगी खाली मोकळी उभी होती!"

मी मागे वळले आणि सांगितलं, तुमची मुलगी मोकळी नव्हती, तिच्या पुढ्यात पुण्याची ती लांब वेणीवाली उभी होती, आणि दुसरं म्हणजे ती बास्केटखालच्या त्या चौकोनात तीन सेकंदांच्या वर उभी होती, तेवढं थांबायला मनाई असते, तिच्याकडे बॉल गेला असता तर शिट्टी आपल्या विरोधातच वाजली असती. तर हे हसून काय म्हणाले माहितेय? "राहू द्या वहिनी, तुम्हाला काय कळतं त्यातलं."

दादा, तुम्हाला खरं सांगते, मॅच हरल्याचं दुःख तिथल्या तिथे संपलं आणि हे सुरू झालं ते अजून चालू आहे.

मला काय कळतं? मी शाळेत खो-खो खेळायचे, बास्केटबॉल मुलींमुळे कळला, पण कळला तो नीट कळला. प्रॅक्टिस मॅचला स्कोअरशीट लिहायला कोणी मिळेना म्हणून सरांनी मला बसवलं होतं. मी पतसंस्थेत कॅशियर, रकाने बघून मला घाम फुटत नाही. बास्केट झाली की चालू आकड्यावर तिरकी रेघ, फ्री थ्रोचा (फाऊलमुळे मिळालेल्या मोकळ्या शॉटचा) पॉइंट असेल तर भरीव ठिपका, तीन पॉइंटचा शॉट असेल तर मुलीच्या नंबरला गोल. फाऊलला प्रत्येक नावापुढे पाच चौकोन, साधा असेल तर पी लिहायचा, फ्री थ्रो मिळाले असतील तर पीच्या खाली किती ते. एका क्वार्टरमध्ये टीमचे चार फाऊल झाले की बचाव करताना झालेल्या पुढच्या प्रत्येक फाऊलला समोरच्यांना दोन फ्री थ्रो. हे सगळं मी चालू मॅचमध्ये लिहिते, आणि शेवटी दोन्हीकडची बेरीज जुळल्याशिवाय सही करू देत नाही. त्या गृहस्थांना विचारा पी-टू म्हणजे काय. विचाराच.

पण स्कोअरशीटमध्ये एक अडचण आहे, पॉइंट आणि फाऊल कळतात, पास कोणी कोणाला दिला ते त्यात कुठेच नसतं. त्यामुळे "बहिणीबहिणीच एकमेकींना देतात" असं कोणीही उठून म्हणू शकतो, खोडायला कागद नाही. पण यांनी, म्हणजे आमच्या मिस्टरांनी, सगळी मॅच मोबाईलवर काढली होती. घरी आल्यावर मी रात्री वही घेऊन बसले आणि मोठीच्या हातून गेलेला प्रत्येक पास लिहून काढला, कोणाला गेला, त्यातून बास्केट झाली का. सगळ्यात जास्त पास कोणाला होते? सेंटरला! धाकटीचा नंबर तिसरा लागला, दुसरी तर वेगळीच मुलगी. आणि सेंटरने फ्री थ्रो किती घालवले तेही दिसतं, पण ते मी त्या दिवशी बोलले नाही आणि आजही बोलणार नाही, पोरीचा त्यात काय दोष.

आणि बहिणी एकमेकींना झुकतं माप देतात हे ज्यांना वाटतं त्यांनी घरात दोन मुली एकदा वाढवून बघाव्यात. मोठी कोर्टवर सगळ्यात जास्त जर कोणावर खेकसायची तर धाकटीवर. धाकटीला बॉल मिळाला की दोनदा उगाच टप्पा मारायची सवय होती, तेवढ्यात डिफेन्स येऊन पोचायचा, तर मोठीने सरळ जाहीर केलं होतं की जोवर पास धरता धरता शॉट घेणार नाहीस तोवर मी तुला बॉल देणार नाही. आणि दिला नाही! सर समजावून थकले, घरी जेवताना अबोला, मीठ माझ्यामार्फत मागायच्या. उन्हाळ्याच्या सुट्टीत धाकटी एकटी जाऊन त्या कोपऱ्यातून शॉट मारत बसायची, सोलापूरचं ऊन तुम्हाला सांगायला नको, सकाळी आठला सिमेंट तापतं. तेव्हा कुठे मोठीचा विश्वास बसला. त्या बारा सेकंदांत तो पास गेला तो त्या विश्वासावर गेला, नात्यावर नाही. नातं असतं तर दिलाच नसता, मी सांगते ना.

शिवाय बहिणी एका टीममध्ये असणं हाच जर वशिला, तर वाराणसीच्या सिंग बहिणींचं काय म्हणायचं? दिव्या, प्रशांती, आकांक्षा, प्रतिमा, एका घरातल्या चौघी भारताकडून खेळल्या. प्रशांतीला 2017 मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला आणि 2019 मध्ये पद्मश्री. तो काय कॉलनीतल्या वशिल्याने मिळाला का? एका घरात एकीला बघून दुसरी शिकते, संध्याकाळी पास द्यायला घरातच जोडीदार असतो, मग दोघी चांगल्या निघाल्या तर त्यात नवल ते काय. हे मी त्या गृहस्थांना गणपतीच्या मंडपात सांगितलं होतं. ते म्हणाले "ते यूपीचं झालं". आता याला काय उत्तर द्यायचं! बरं, यूपी नको तर पुण्याच्या शिरीन लिमयेला बघा, भारताची कॅप्टन झाली. 2017 मध्ये बंगळुरूला आपल्या मुलींनी आशिया कपची डिव्हिजन बी, म्हणजे दुसऱ्या फळीचा गट, जिंकली, फायनलला कझाकस्तानला अवघ्या 2 पॉइंटनी हरवून, त्या टीममध्ये ती होती. आमच्या दोघींनी त्या मॅचचे तुकडे इतक्या वेळा बघितलेत की मलाही पाठ झालेत.

असो. तुमच्या प्रश्नाकडे येते.

गेलात तर आपल्या टीमच्या बेंचच्या मागे बसू नका, समोरच्या बाजूला बसा. बेंचमागे बसलं की तोंड आपोआप चालतं, आणि सर एक सांगतात, बाप दुसरं ओरडतो, पोरगी मधल्या मधे बावचळते. "शूट कर", "पास दे", "डिफेन्स" हे तीन शब्द पालकांनी मॅचमध्ये उच्चारू नयेत असा नियमच पाहिजे. बॉल आला की शॉट घ्यायला 24 सेकंद असतात, त्यात काय करायचं ते तिला माहीत आहे. टाळ्या वाजवा, नाव घेऊन ओरडायचं असेल तर दोघींचं घ्या, आणि जमलं तर तिसऱ्याच कोणाच्या तरी मुलीचं घ्या, जिचं घरचं कोणी आलेलं नाही तिचं. रेफरीला शिव्या देणाऱ्या पालकांना तर मी मैदानाबाहेर उभं करीन. एवढ्याशा मानधनावर उन्हात दिवसभर पळतात ते लोक.

मॅच झाल्यावर विश्लेषण नको. हरल्या असतील तर तर अजिबात नको. पाणी द्या, केळं द्या, गप्प बसा. आम्ही परत येताना इकडे मोठी माणसं एकमेकांशी बोलत नव्हती, आणि तिकडे आमच्या दोघी आणि तीच सेंटर एका सीटवर तिघी कोंबून बसून माझी उरलेली शेंगाचटणी बोटाने चाटून संपवत होत्या, त्या पुण्याच्या वेणीवालीच्या स्टाइलची नक्कल करत. मुलींचं भांडण नव्हतंच कधी.

आईला पण घेऊन जा, किंवा आई एकटी गेली तरी चालेल, तुम्ही राग मानू नका. बऱ्याच मैदानांवर मुलींच्या टॉयलेटची अवस्था अशी असते की पोरी दिवसभर पाणीच पीत नाहीत, म्हणजे जावं लागू नये, आणि मग तिसऱ्या क्वार्टरला पायात गोळे येतात. सर पुरुष असतील तर पाळी आलेली मुलगी त्यांना काय सांगणार? माझ्या पर्समध्ये पॅड, पेनकिलर, जादा चड्डी, सेफ्टी पिना, सगळं असायचं, अख्ख्या टीमला माहीत होतं. जवळ स्वच्छ टॉयलेट कुठे आहे ते आधी बघून ठेवा, हॉटेलवाल्याशी बोलून ठेवा. आपण तिथे असण्याचा खरा उपयोग हा आहे, ओरडणं नाही.

गुडघ्याचं पण बघा. उडी मारून उतरताना गुडघा आत वळतो आणि आतला लिगामेंट जातो, मुलांपेक्षा मुलींमध्ये हे जास्त होतं. ओल्या कोर्टवर घासलेल्या तळाचे बूट घालून खेळवू नका, मग ती कितीही रडू दे. सर वॉर्मअप नीट घेतात का तेवढं दुरून बघा. दुरून.

एकीची दहावी असेल तर घरचे म्हणतीलच की या वर्षी कशाला. आमच्या जाऊबाई म्हणाल्याच होत्या. खेळाचे वाढीव मार्क मिळतात, स्पर्धेच्या स्तराप्रमाणे, जास्तीत जास्त 25, पण त्यासाठी खेळवू नका, तेवढे मार्क घरी बसून अभ्यास करूनही मिळतात. खेळायचंय म्हणून खेळू द्या. मात्र मार्क मिळणारच असतील तर सोडायचे कशाला, त्यामुळे सर्टिफिकेट हातात आलं की तिथेच नाव, जन्मतारीख, गट सगळं तपासा. नंतर एका वेलांटीसाठी क्रीडा कार्यालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात, आणि शाळेने प्रस्ताव वेळेत पाठवला का हे स्वतः जाऊन विचारा, "सर बघतील" म्हणून बसू नका.

आणि हो, हे आधीच लिहायला पाहिजे होतं. तुमच्यापैकी एखादी मुलगी जर खरंच, लाजून वगैरे नाही, शांतपणे म्हणत असेल की तुम्ही असलात की माझे हात कापतात, तर नका जाऊ. टीममधल्या एकीचं असं व्हायचं, तिचे बाबा गेटबाहेर स्कूटरवर बसून राहायचे, मॅच संपली की आत यायचे. ती मुलगी झकास खेळायची. तुमच्या दोघींपैकी एकीला चालत असेल आणि एकीला नसेल तर काय करायचं ते मला सांगता येणार नाही, माझ्या दोघींना मी चालायचे, म्हणजे तसं त्या म्हणायच्या तरी.

कुजबुजणाऱ्यांना उत्तर देत बसू नका असं सगळे सांगतील. मी सांगते, द्या. एकदाच द्या, नीट तयारी करून द्या, आकडे घेऊन द्या. मॅचचा व्हिडिओ काढा, सगळी मॅच काढा, नुसत्या आपल्या मुलींच्या बास्केट नको. मोबाईल चार्ज करून न्या आणि मधल्या रेघेच्या समोर बसा म्हणजे दोन्ही बाजू दिसतात. आमच्या यांनी तसं केलं म्हणून आज माझ्याकडे पुरावा आहे. शेवटचे बारा सेकंद थांबवून थांबवून बघितले तर त्या गृहस्थांची मुलगी त्या चौकोनात आल्यापासून मोठीने पास सोडेपर्यंत चार सेकंद होतात. सलग. मी घड्याळ लावून मोजलेत, मोठीनेही मोजलेत, आणि दिवाळीला फराळाला आली होती तेव्हा त्या सेंटरनेही हसत हसत कबूल केलंय, "काकू, हो ओ, मी अडकले होते तिथे."

पप्पांना सांगशील का विचारलं तर म्हणाली, "तुम्हीच सांगा, माझं ऐकत नाहीत."

सांगते की. ते असल्या साइटवर रात्री बरंच वाचत असतात असं ऐकलंय. भाऊजी, व्हिडिओ अजून डिलीट केलेला नाही, पेन ड्राइव्ह घेऊन या, चहा ठेवते.